माया किती सोडलीय?

‘यू आर इन्व्हायटेड!’

काळ्या बॅकग्राउंडवर सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात दोन झेंडूची फुलं आणि खाली एका मोठ्ठ्या शोरूमचा लोगो. व्हॉट्सअ‍ॅपवर असलं काही आलं की आपण न बघताच पुढे सरकतो. पण हे एका एजन्सीकडून आलेलं आणि पाठोपाठ मेसेज होता, ‘सहाशे शब्द. टोन फील-गुड. फेस्टिव्ह कलेक्शन आणि होम, दोन्ही घ्यायचं. सोबत एकाला आणलं तरी चालेल. पाच हजार.’

मंडळी, फ्रीलान्सर माणसाच्या आयुष्यात पाच हजार हा काय आकडा असतो, ते एक तारखेला आपोआप पगार जमा होणाऱ्यांना नाही कळायचं! मी दहा मिनिटं विचार केल्यासारखं केलं (लगेच ‘येस’ पाठवलं तर पुढच्या वेळी साडेतीनच देतात, स्वानुभव) आणि मग अंगठा पाठवून दिला.

ही २०२५ च्या सप्टेंबरमधली गोष्ट. पाऊस धड संपला नव्हता तरी नागपूरचं ऊन ड्युटीवर हजर झालेलं आणि इन्व्हिटेशनमधली मॉडेल मात्र फुल बाह्यांचं व्हेल्वेट जॅकेट घालून गोड हसतेय. म्हटलं, बाई गं, एकदा दुपारी दोन वाजता इंदोरा चौकात उभी राहून दाखव.

मोबाइलमधून मान वर काढली तर समोर दिवाणावर साड्यांचा ढीग. आणि ढिगाच्या मागे आई.

आई फॉल-पिको करते. ज्या मैत्रिणी वर्षातून एकदा, तेही यूट्यूब लावून, साडी नेसतात त्यांच्यासाठी सांगते. साडीच्या काठाला आतून जी कापडाची पट्टी लावतात तो फॉल. त्याची खालची कड मशीनवर मारली तरी चालते, वरची मात्र हातानंच. एकेक टाका, बाहेरून दिसणार नाही असा. एका साडीला पाऊण तास कुठेच जात नाही. पिको म्हणजे साडीची दोन्ही टोकं झिगझॅग मशीनवर बंद करणं. त्यातही एक गोम आहे. फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवावा लागतो, नाहीतर पहिल्या धुण्यात तो आकसतो आणि अख्खा काठ गोळा होऊन बसतो. त्यामुळे आमच्या घरी नवा सीझन आला हे कुठल्याही जाहिरातीच्या आधी गॅलरीतली दोरी सांगते. राणी, मोरपंखी, चिंतामणी, लिंबू... तीस-तीस पट्ट्या ओळीनं वाळत असतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी वाळतात.

सीझनमध्ये घराला कर्फ्यू लागतो. दिवाणावर बसायचं नाही. चहा स्वयंपाकघरातच प्यायचा. वरणभात खाऊन हात साबणानं धुतल्याशिवाय हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, कारण हळदीचा एक डाग म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी! माझ्या बारावीच्या वर्षी एक पैठणी आमच्या कपाटात आठ दिवस मुक्कामाला होती. एवढा मान घरात तेव्हा माझ्या अभ्यासालाही नव्हता.

या साड्या येतात जरीपटक्यातल्या एका दुकानातून. आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं. नाव ऐकून बाहेरगावच्या लोकांना वाटतं की इथे जरी तयार होत असावी. जरीपटका म्हणजे खरं तर मराठ्यांचं जरीकाम केलेलं निशाण. पण इतक्या वीरश्रीच्या नावाची ही वस्ती ओळखली जाते ती सिंधी बाजारासाठी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं इथे वसली आणि त्यांनी बाजार उभा केला. रेडिमेड, साड्या, चादरी, पडदे, स्टीलची भांडी, क्रोकरी, बांगड्या, पापड... सगळं एका दमात. एका हातात गरम दाल-पकवान आणि दुसऱ्या हातात उशांचे अभ्रे, हे दृश्य तुम्हाला दुसरीकडे कुठे दिसणार?

आमच्या शेठचे आजोबा आधी खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार कापड विकायचे. मग वडिलांनी ठेला लावला, मग गाळा झाला. आता दोन गाळ्यांमधली भिंत पाडून वर पोटमाळाही चढवलाय. तळाला साड्या आणि ड्रेस मटेरियल, पोटमाळ्यावर चादरी, टॉवेल, पडद्याचं कापड. म्हणजे बघायला गेलं तर आमचं डिपार्टमेंटल स्टोअरच. फक्त ते तसं कुणी म्हणत नाही. भिंतीवर ‘एक दाम’ अशी पाटी आहे आणि त्या पाटीखालीच तासन्‌तास घासाघीस चालते.

(पॅरिसमधल्या ‘बाँ मार्शे’ या जगप्रसिद्ध दुकानाच्या मालकानं, आरिस्तीद बुसिकोनं, १८५२ नंतर मालावर ठरलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, वस्तू परत घेण्याची सोय केली, नुसतं हिंडायला या म्हणून लोकांना बोलावलं आणि दुकानदारीच पालटली, असं आम्हाला मास कॉमला जाहिरातीच्या पेपरात होतं. शेठला सांगितलं तर म्हणाले, ‘‘बेटा, भाव नहीं करेगा तो कस्टमर घर जाके क्या बताएगा?’’)

आता जरीपटक्यात सीझन उघडतो कसा, तर पितृपक्षात! हो, पितृपक्षात. त्या पंधरवड्यात बहुतेक घरांत नवं काही घेत नाहीत. दुकान ओस पडलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच टेम्पोतून गठ्ठे उतरत असतात. सुरतेचा माल, जयपूरच्या चादरी, पानिपतचे पायपोस. शेठ गादीवर बसून गाठी सोडवतात, पोरं भाव लिहून चिठ्ठ्या टाचतात, आईला निरोप जातो, ‘‘ताई, दोन दिवसांनी येऊन जा.’’ आमच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत. इंदोऱ्याच्या आजूबाजूच्या आमच्यासारख्या हजारो बौद्ध घरांमध्ये नाही पाळत. त्यामुळे आमची खरेदी आई त्याच दिवसांत उरकते. गर्दी नाही, ताजा माल, आणि भवानीच्या आशेवर बसलेला दुकानदार. सांगा, यापेक्षा भारी ‘प्रीव्ह्यू’ असतो?

आणि आमच्या सीझनचा पहिला रंग असतो पांढरा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं तर पांढरं हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी इथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला हे शहर पांढऱ्या कपड्यांनी भरून जातं. जरीपटक्यातले दुकानदार सिंधी, पण त्यांना हे कॅलेंडर पाठ. दसऱ्याच्या आधी दहा दिवस दुकानांच्या तोंडावर पांढऱ्या साड्या, पांढरे कुर्ते, पांढरे सलवार सूट टांगलेले असतात. दसरा झाला की एका रात्रीत पांढरं आत आणि लाल-केशरी-जांभळं बाहेर! दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात तर वेगळ्याच बाजारात आल्यासारखं वाटेल. शेठच्या डोक्यात असे आठ-दहा सीझन असतात. चेटीचंड, ईद, चौदा एप्रिल, जूनमधले युनिफॉर्म, राखी, गणपती, दसरा, दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई. कुठल्या गल्लीतलं गिऱ्हाईक कधी आणि कशासाठी येणार, हे त्यांना तोंडपाठ आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला जॉन वॉनमेकर नावाच्या व्यापाऱ्यानं जानेवारी १८७८ मध्ये ‘व्हाइट सेल’ भरवला होता. ख्रिसमसनंतर दुकान थंड पडतं, म्हणून चादरी-टेबलक्लॉथ असला पांढरा माल स्वस्तात काढला. मंदीच्या दिवसांत पांढरं विकायची ती आयडिया जगभर गाजली. आपल्याकडे बिग बझारनं २००६ च्या २६ जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ काढून, सण नसलेल्या दिवशीही दुकानांवर झुंबड उडवून दाखवली. ते बिग बझारही २०२२ मध्ये संपलं. थोडक्यात काय, दिवस कुठलाही असो, ‘आज काहीतरी नवीन उघडतंय’ असं म्हटलं की आपले पाय वळतातच. माझे तर वळतातच वळतात. मी काही साध्वी नाही! कॉलेजात असताना पॉकेटमनी साठवून घेतलेला पहिला ब्रँडेड टॉप मी त्याच्या टॅगसकट दोन महिने कपाटात ठेवला होता. आणि मैत्रिणींनी ‘तुझी आई काय करते?’ विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, ‘‘होममेकर.’’ फॉल-पिको हा शब्द मी कॉलेजची पाच वर्षं तोंडातून काढला नाही.

तर, मुद्द्यावर येते. २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांवर पाच टक्के, त्यावरच्यांवर अठरा. त्याआधी पाच टक्क्यांची रेघ हजारावर होती. पेपरात सगळीकडे आनंदीआनंद. त्या संध्याकाळी आई झालेल्या साड्या द्यायला आणि नव्या आणायला शेठकडे गेली. एरवी ती दोन पिशव्या भरून आणते, त्या दिवशी एकच आणली, तीही अर्धी.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही. कमी माल हाये म्हणते.’’

नंतर जेवताना हळूहळू कळलं. शेठ म्हणाले होते, ‘‘ताई, लडकियां साडी लेती कहां है अब? और लेती है तो रेडी-टू-वेअर.’’ रेडी-टू-वेअर साडी, म्हणजे निऱ्या शिवलेली, हुक लावून दोन मिनिटांत नेसायची. तिला आई हात लावत नाही, लावायला काही ठेवलेलंच नसतं. बाकीच्या मुली कुर्ता सेट घेतात, तोही रिंग रोडपलीकडच्या एसी शोरूममध्ये. गिऱ्हाईक टिकवायचं म्हणून दिवाळीपर्यंत दुकानात ‘फॉल-पिको फ्री’ची पाटी लागणार होती. गिऱ्हाइकाला फ्री म्हटल्यावर मजुरी कुणाच्या खिशातून जाणार? आईचे साडीमागचे चाळीस रुपये पस्तीसवर आले. शेठ वाईट माणूस नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी न विचारता वीस हजार दिले होते आणि वर्षभर साड्यांतून थोडे थोडे कापून घेतले, एक पैसा व्याज नाही. पण पाच रुपये कमी झाले ते झालेच.

आणि ज्या एसी शोरूमकडे गिऱ्हाईक चाललंय असं शेठ म्हणत होते, तिच्याच झगमगाटावर मला सहाशे शब्द लिहायचे होते. फील-गुड.

दोन दिवस मी काही बोलले नाही. बुधवारी रात्री आई सुईत दोरा ओवत होती, चारदा चुकला, पाचव्यांदा माझ्याकडे धरला. मी ओवून दिला आणि बोलून गेले. सगळंच. कुठलं शोरूम, किती पैसे.

तिनं दोऱ्याला गाठ मारली. मग म्हणाली, ‘‘सोबत एक जण चालते म्हणतेस ना? मग मले ने. पाहू तरी दे काय ठेवलंय त्यात.’’

गुरुवारी संध्याकाळी आई चंदेरी काठाची साडी नेसून तयार. चष्मा पुसून ठेवलेला. माझ्या पोटात मात्र गोळा! तिला तिथे अवघडल्यासारखं झालं तर? कुणी काही बोललं तर? (खरं सांगू? ‘मला तिथे अवघडल्यासारखं झालं तर’ हे आधी मनात आलं होतं.)

दारात एका मुलीनं आमच्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. डीजे, मॉकटेल, एक इन्फ्लुएन्सर रिंग लाइटसमोर गिरकी घेतेय. स्टोअरचं डिस्प्ले बघणारा मुलगा माझ्याच वयाचा, आपल्या नागपूरचाच, बोलायला एकदम मोकळा. त्यानं मला सगळं गणित समजावलं. नवीन माल कधीही दारात नाही लावायचा, चार पावलं आत लावायचा, कारण माणूस आत शिरल्यावर पहिली चार पावलं काही बघतच नाही. आत शिरून बरेच जण उजवीकडे वळतात, म्हणून सगळ्यात देखणे मॅनेक्विन उजवीकडे. आणि होम सेक्शन, म्हणजे कुशन कव्हर, सेंटेड कँडल, डिनर सेट, नेहमी सगळ्यात शेवटी किंवा वरच्या मजल्यावर. चमचे घ्यायला आलेल्या बाईनं जाताना कुर्ते बघितलेच पाहिजेत!

‘‘आणि हे सगळे चोवीसशे नव्याण्णव कसे?’’ मी विचारलं.

तो हसला. ‘‘मॅडम, पंचवीसशेच्या वर गेलं की अठरा टक्के.’’

हिवाळ्याचा माल सप्टेंबरात का, हेही त्यानंच सांगितलं. ‘ऑटम-विंटर’ची तारीख नागपूरच्या उन्हाला विचारून ठरत नाही, हेड ऑफिसला ठरते, तीही सहा-आठ महिने आधी. देशभर एकाच आठवड्यात एकच खिडकी. म्हणजे बंगळुरूच्या मुलीसमोर आणि आपल्या पोट्टीसमोर तेच व्हेल्वेट जॅकेट. शेठच्या त्या पांढऱ्या साड्या आठवल्या. दसरा आठवड्यावर आलेला आणि या अख्ख्या मजल्यावर पांढरं म्हणून एकच काय ते, डिनर सेट. पण खरं ते लिहायला हवं, त्या मजल्यावर हिंडताना मला मस्त वाटत होतं. थंडगार हवा, सुगंध, कुणी ‘घेणार का?’ म्हणून मागे लागत नाही, आरसे उंच. जरीपटक्यात मापाचं बघायचं तर गाठींच्या आडोशाला ओढणी धरून उभं राहावं लागतं. मी एक निळा कुर्ता उचललासुद्धा.

वळून बघते तर आई गायब!

सापडली कुर्त्यांच्या रॅकपाशी. एक कुर्ता तिनं हँगरवरून काढून चक्क उलटा केला होता आणि चष्म्यातून शिवण बघत होती. शेजारची सेल्सगर्ल गोंधळून उभी. आईचे बाबा, माझे आजोबा, एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्तानची सम्राज्ञी जाहीर झाली, म्हणून ते नाव. आता मिल नाही, त्या जागेवर मिलच्या नावाचा मॉल आहे. आजोबांनी आईला कापड अंगठा आणि बोटात धरून ओळखायला शिकवलं. ती सवय तिच्या हातातून जात नाही. भाजी बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा ती तशीच धरते.

‘‘ओव्हरलॉक चांगली आहे,’’ ती मला म्हणाली. ‘‘टाके सारखे. कापडही खोटं नाही. पण हे पाय...’’ तिनं बाजूची शिवण उलगडून दाखवली. ‘‘माया काऊन नाही सोडली?’’

शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. तुमच्या-माझ्या लहानपणीच्या सगळ्या फ्रॉक-ब्लाउजांना असायची, दोन-दोन बोटं. पोरगी वाढली की उसवायचं आणि सैल करायचं. त्या कुर्त्याला अर्धं बोटही नव्हती.

ट्रायल रूमच्या मागे एक छोटा दरवाजा होता. ‘अल्टरेशन’. आत एक मशीन, एक इस्त्री, एक पंखा आणि एक साठीचे काका. या चकचकीत जगात तेवढीच एक जागा अशी, जिथे आई न विचारता आत शिरली. मी मागे. मॉकटेल हातात.

‘‘दादा, हे सैल करून पाहिजे असंल तर कसं करता?’’

काका हसले. ‘‘होतंच नाही ना ताई. माया कुठं असते यात? बारीक करून देतो, लांबी कमी करून देतो. सैल करायला आलं की मोठ्या मापाचं घ्या म्हणून सांगतो.’’

मग दोघं जे सुरू झाले! कुठला दोरा, कुठली सुई, पिको मशीनचा पट्टा कुठे मिळतो, मान कुठून दुखते. दहा मिनिटं. काका पूर्वी गांधीबागेत एका टेलरकडे कारागीर होते. इथे पगार आहे, दर महिन्याला जमा होतो, पण दिवसभरात फक्त तुरपाई आणि टिपा. ‘‘पूर्ण कपडा शिवून तीन वर्षं झाली,’’ असं म्हणाले. आईनं विचारलं, ‘‘बाया घेतात का इथं?’’ मी दचकले. काकांनी मान हलवली, ‘‘एकच जागा आहे ताई. ती माझीच.’’ आई म्हणाली, ‘‘नाही नाही, सहज विचारलं.’’

निळा कुर्ता मी परत ठेवून दिला. त्यागबिग काही नाही, मला तो दंडात घट्ट होत होता.

लेख रात्री अडीचपर्यंत लिहिला. ‘सणांचा उत्साह आणि रंगांची उधळण’ हे वाक्य मी लिहिलं, हो, मीच. सगळी माहिती खरी होती, एकही ओळ खोटी नाही. फक्त काकांची खोली नव्हती, उन्हातलं व्हेल्वेट नव्हतं आणि शिवणीच्या आतली बाजू नव्हती. एजन्सीनं ‘लव्हली!’ म्हणून कळवलं. पैसे आले दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी, चार रिमाइंडर पाठवल्यावर.

पैसे आले त्या दिवशी मी आईसमोर हिशेब मांडला. पाच हजार भागिले पस्तीस. एकशे बेचाळीस साड्या आणि वर तीस रुपये. म्हणजे एका संध्याकाळीत आणि एका रात्रीत मी जे मिळवलं, त्याला तिला एकशे बेचाळीस वेळा पाऊण तास बसावं लागतं. मला वाटलं होतं ती गप्प होईल, किंवा मलाच रडू येईल. ती म्हणाली, ‘‘मग महिन्यातून असे दोन लिहीत जाय ना. काय करून राहिली नुसती मोबाइल घेऊन?’’ आणि तिची वही काढली. दर सीझनच्या साड्या ती शाळेच्या जुन्या वहीत लिहिते. २०२४ च्या दिवाळीपर्यंत दोनशे अकरा, २०२५ ला एकशे अडतीस. माझ्या त्या लेखाएवढ्याही झाल्या नव्हत्या. खाली तिनं पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, ‘पडदे विचारणे.’ शेठच्या पोटमाळ्यावर पडद्याचं कापड खपतंय म्हणे, नवीन फ्लॅटवाले शिवूनच मागतात. पडदा सरळ शिवण, मशीनवर होतो, डोळ्यांना त्रास कमी. तिनं सप्टेंबरातच विचारून ठेवलं होतं. मला सांगावंसं तिला वाटलं नव्हतं, एवढंच.

मला राहून राहून आठवते ती मात्र दसऱ्याच्या आदली रात्र. २०२५ ला दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे बुधवारची रात्र. साडेअकरा वाजले होते. शेठकडच्या पांढऱ्या साड्या सगळ्या देऊन झालेल्या, शेवटची सात नंबरच्या गल्लीतली एक बाई स्वतः येऊन घेऊन गेली होती. दीक्षाभूमीच्या दिशेनं निघालेल्या बाहेरगावच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. आईनं कपाटातून स्वतःची पांढरी साडी काढली. पितृपक्षात घेतलेली, पातळ निळ्या काठाची. तिला फॉल लागलेला नव्हता. दर वर्षीचंच आहे हे. सगळ्यांच्या झाल्या की तिची.

‘‘अशीच नेसते,’’ ती म्हणाली. डोळे चोळत होती.

मी साडी ओढून घेतली. फॉल भिजवून वाळवलेला तयारच होता. तिनं खालची कड मशीनवर मारून दिली, मग मी जमिनीवर बसून वरची बाजू हातानं घालायला सुरुवात केली. लहानपणी शिकवलं होतं तिनं, पण माझे टाके! दोन जवळ, एक लांब, एक थेट बाहेरून दिसतोय. बाबा मधूनच येऊन टॉर्च धरून बघून गेले आणि काहीही न बोलता झोपायला गेले. दीड वाजता माझं संपलं. आईनं चष्मा लावला, काठ बोटात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत नेला आणि मग कात्री घेऊन अर्धा फॉल उसवला.

उरलेला अर्धा तसाच ठेवला. ‘‘निऱ्यांत जाते हा,’’ म्हणाली, ‘‘दिसत नाही.’’